कुत्र्याला पिसवा-गोचिडींचं औषध देताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कुत्र्याच्या कानात गोचीड दिसली की घरात एकच धावपळ उडते. कुणीतरी कुत्र्याला शॅम्पूने घासून काढतं आणि अंग ओलं असतानाच मानेवर औषध ओततं. दोन दिवसांनी ‘काही फरक नाही’ म्हणून पावडर मारली जाते, तिसऱ्या दिवशी गोळी. मग कुत्रा थरथरायला लागला की सगळा दोष गोळीच्या माथी. यातलं प्रत्येक औषध एकेकटं, वजनाला बरोबर आणि अंग कोरडं असताना दिलं असतं, तर बहुधा काहीच झालं नसतं.

टाळता येण्यासारख्या विषबाधा बहुतेक वेळा औषध अंगाला लागण्याआधीच ठरलेल्या असतात. वजन अंदाजाने धरलेलं असतं, वेष्टन वाचलेलं नसतं, आधीचं औषध कधी दिलं ते कुणाला आठवत नसतं. म्हणून या लेखात तयारीलाच जास्त जागा दिली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा १: औषधाला हात लावण्याआधी कुत्रा नीट बघा

उजेडात बसून केस उलटे करत बघा. गोचिडी कानाच्या आतल्या घड्यांत, पापण्यांजवळ, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत सापडतात. बेचकी बघायची राहून जाते आणि तिथेच चार-पाच एकत्र बसलेल्या असतात.

पिसू स्वतः दिसेलच असं नाही, तिची विष्ठा मात्र दिसते. पाठीच्या खालच्या भागातले केस बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेलं रक्त आहे, म्हणजे पिसवा आहेत. डाग नाही पसरला तर ती साधी धूळ.

मग कुत्र्याची तब्येत बघा. वरचा ओठ उचलून हिरडी पाहा. ती गुलाबी असायला हवी.

इशारा: हिरड्या पांढरट किंवा पिवळसर, अंगात ताप, खाणं बंद, लघवी गडद तांबूस, नाकातून रक्त किंवा त्वचेवर लाल-जांभळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर औषधाचा विचार बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. गोचिडींमुळे होणाऱ्या एर्लिकिया किंवा बबेसियासारख्या आजारांची ही लक्षणं असू शकतात. त्यांच्यावर वेगळे उपचार लागतात, गोचिडी मारून ते आजार बरे होत नाहीत. लहान पिल्लाच्या अंगावर खूप पिसवा असतील तर नुसत्या रक्त शोषण्यानेही त्याला जिवावर बेतेल इतका रक्तक्षय होऊ शकतो.

## टप्पा २: पाच गोष्टी कागदावर लिहा

डोक्यात ठेवू नका, लिहाच. डॉक्टरांना फोन करायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

वजन. आज मोजलेलं हवं. ‘मागच्या लसीच्या वेळी १२ होतं’ हे वजन नव्हे. वाढत्या पिल्लाचं वजन दोन आठवड्यांतही बदलतं. घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. औषधं वजनगटांनुसार येतात: फिप्रोनिल या त्वचेवर लावायच्या औषधाच्या नळ्यांचे नेहमीचे गट २ ते १०, १० ते २०, २० ते ४० आणि ४० ते ६० किलो असे असतात, नेक्सगार्डच्या गोळ्यांचे २ ते ४, ४ ते १०, १० ते २५ आणि २५ ते ५० किलो. कुत्रा गटाच्या सीमेवर असेल तर डॉक्टरांना विचारा.

वय. बऱ्याच स्पॉट-ऑन (नळीतून मानेच्या त्वचेवर लावायच्या) औषधांना आणि गोळ्यांना किमान ८ आठवड्यांची अट असते, काहींना त्याहून जास्त, आणि बहुतेकांना किमान वजनाचीही. तेच औषध एका देशात ८ आठवड्यांपासून, तर दुसऱ्या देशात ६ महिन्यांपासून मंजूर असू शकतं. म्हणून हातातल्या पाकिटावर जे छापलंय तेच धरा. त्याहून लहान पिल्लासाठी फणी, हाताने वेचणं आणि पिल्लाच्या आईवर डॉक्टरांनी सांगितलेले उपचार, एवढंच.

जात. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग, बॉर्डर कोली यांसारख्या मेंढपाळ जातींत आणि त्यांच्या संकरांत एमडीआर१ या जनुकातला दोष आढळतो. तो असेल तर आयव्हरमेक्टिनसारखी औषधं मेंदूत साठत जातात. अमेरिकेत झालेल्या तपासण्यांत कोलींमध्ये हे प्रमाण सुमारे ७० टक्के आढळलं आहे. रक्ताच्या किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून चाचणी करता येते.

आजार आणि चालू औषधं. फिट आल्याचा इतिहास, मधुमेह, यकृताचा किंवा हृदयाचा विकार, गाभण असणं, पिल्लांना पाजत असणं, सगळं लिहा. लहानपणी एकदाच आलेली फिटसुद्धा.

आधीचं औषध आणि तारीख. शॅम्पू, पावडर, स्प्रे, कॉलर, इंजेक्शन, सगळंच मोजायचं. कुत्रा दत्तक घेतला असेल तर आधीच्या माणसाला स्पष्ट विचारा. १२ आठवडे टिकणारी गोळी दोन महिन्यांपूर्वी दिलेली असेल तर ती अजून रक्तात आहे.

तपासा: घरात मांजर किंवा ससा आहे का? असेल तर त्याच कागदावर ठळक लिहा. पुढच्या टप्प्यात त्यावरच बराच निर्णय अवलंबून आहे.

## टप्पा ३: नाव नव्हे, घटक वाचा

पाकिटावरचं मोठं नाव जाहिरातीचं असतं. एकाच नावाच्या मालिकेत तीन वेगळे घटक असू शकतात आणि तीन वेगवेगळ्या नावांत एकच घटक. लहान अक्षरांत जे लिहिलंय ते वाचा.

### पर्मेथ्रिन

कुत्र्याला योग्य मात्रेत चालतं, मांजराचा जीव घेऊ शकतं. मांजराच्या यकृतात हा पदार्थ निकामी करून बाहेर टाकायची यंत्रणा फार दुबळी असते. आकडा बघा: ४५ टक्के पर्मेथ्रिनच्या १ मिलि द्रावणात ४५० मिलिग्रॅम पर्मेथ्रिन असतं. साडेचार किलोच्या मांजरावर ती एक नळी ओतली की किलोमागे १०० मिलिग्रॅम झालं, आणि एवढं जीवघेणं ठरू शकतं. ‘मोठ्या कुत्र्याचं औषध थोडंसं मांजराला लावू’ या विचाराने मांजरं दगावतात. औषध थेट लावायचीही गरज नाही, नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला मांजराने चाटलं किंवा ते त्याला बिलगून झोपलं तरी पुरतं.

माझं मत स्पष्ट आहे: मांजर आणि कुत्रा एका घरात लोळत असतील तर पर्मेथ्रिनचं स्पॉट-ऑन आणूच नका. पर्याय आहेत. दुसरा इलाज नसेल तर तीन दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि अंथरुणंही वेगळी करा.

### फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड

कुत्र्यांत चांगली सहन होणारी औषधं. नुसतं इमिडाक्लोप्रिड पिसवा मारतं, गोचिडी नाही. ‘औषध लावूनही गोचिडी आहेत’ या तक्रारीमागे बरेचदा हेच कारण निघतं. फिप्रोनिल सशाला घातक आहे, त्यामुळे ‘उरलेलं सशाला’ हा प्रकार कधीही नको.

### आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या

अफोक्सोलानर (नेक्सगार्ड), फ्लुरालानर (ब्रॅव्हेक्टो), सारोलानर (सिम्पारिका) आणि लोटिलानर (क्रेडेलिओ) ही या गटातली नावं. गोचिडींवर प्रभावी, अंघोळीने न धुतली जाणारी आणि बहुतेक कुत्र्यांना विनात्रास चालणारी. मात्र २०१८च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, या गटाबद्दल सूचना काढली: काही कुत्र्या-मांजरांमध्ये स्नायूंचं थरथरणं, तोल जाणं आणि झटके आल्याच्या नोंदी आहेत, आणि यातल्या काही जनावरांना त्याआधी कधी झटका आलेला नव्हता. एफडीएने ही औषधं मागे घ्यायला सांगितलं नाही, डॉक्टरांनी कुत्र्याचा इतिहास पाहून ठरवावं असं सांगितलं.

याचा घरगुती अर्थ असा. फिटचा इतिहास असलेल्या कुत्र्याला ही गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय द्यायची नाही. निरोगी कुत्र्याला भीतीपोटी नाकारायचीही नाही, कारण जिथे गोचिडींचे आजार आहेत तिथे औषधच न देणं हा मोठा धोका आहे.

### अमिट्राझ

पाण्यात मिसळून अंगाला लावायचं द्रावण किंवा कॉलर या रूपात मिळतं. याने सुस्ती येते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तातली साखर वाढते. म्हणून मधुमेही कुत्रा, चिव्हाव्हा जातीचा कुत्रा आणि ४ महिन्यांखालचं पिल्लू यांना ते नको. मांजरालाही नाही. घरातल्या कुणाला मधुमेह असेल किंवा एमएओ इन्हिबिटर गटातलं नैराश्याचं औषध चालू असेल, तर त्या माणसाने हे द्रावण हाताळू नये. कुत्र्याला वर्तनासाठी किंवा स्मृतिभ्रंशासाठी सेलेजिलिन चालू असेल तर अमिट्राझ वर्ज्य.

### आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन

गुरांसाठीच्या बाटलीतून कुत्र्याला ‘गोचिडींचं इंजेक्शन’ टोचण्याचा प्रकार सर्रास चालतो आणि तो थांबायला हवा. हे कुत्र्याच्या गोचिडींवरचं भरवशाचं औषधच नाही. आणि मात्रा बघा: हृदयकृमी टाळण्यासाठी कुत्र्याला महिन्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन पुरतं. गुरांच्या १ टक्का द्रावणाच्या १ मिलिमध्ये १० मिलिग्रॅम असतं. दहा किलोच्या कुत्र्याला तेवढं टोचलं तर किलोमागे १००० मायक्रोग्रॅम गेलं, म्हणजे १६० पटींहून जास्त. खरजेसाठी डॉक्टर हृदयकृमीच्या मात्रेहून वरच्या मात्रा देतात हे खरं, पण तेव्हा ते मिलिचे अंश मोजतात आणि जात पाहतात. एमडीआर१चा दोष असलेला कुत्रा त्या मात्रांनीही बेशुद्ध पडू शकतो.

### घरगुती उपाय

रॉकेलने कातडी भाजते आणि चाटलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. टी-ट्री तेल पातळ न करता लावलं तर अंग लुळं पडून थरथर सुटते. डांबरगोळ्या अंथरुणात ठेवणं, गुरांचं गोचीडनाशक ‘थोडं पातळ करून’ लावणं, घरात फवारायचं कीटकनाशक अंगावर मारणं, यातलं काहीच कुत्र्यासाठी तपासलेलं नाही. नैसर्गिक म्हणजे सुरक्षित, हा समज कुत्र्याच्या बाबतीत महागात पडतो.

तपासा: सील शाबूत आहे, बॅच क्रमांक आणि मुदत स्पष्ट छापलीय, पत्रक आत आहे, पाकिटावर कुत्र्याचं चित्र आणि वजनगट आहे. यातलं एक जरी नसेल तरी परत करा. नकली मालात काय भरलंय हे कुणीच सांगू शकत नाही.

## टप्पा ४: दिवस ठरवा

सकाळ निवडा. त्यानंतर दिवसभर कुणीतरी घरी हवं आणि त्या दिवशी दवाखाना उघडा हवा. शनिवारी रात्री नवीन औषध देऊन झोपी जाणं ही चूक फार लोक करतात.

स्पॉट-ऑन लावायचं असेल तर आधीचे आणि नंतरचे ४८ तास अंघोळ नको. ही औषधं त्वचेवरच्या तेलकट थरातून अंगभर पसरतात. शॅम्पूने तो थर निघून गेला की औषध मानेवरच साचून राहतं. मग काम होत नाही, आणि काम झालं नाही की लोक दुसरं औषध आणतात. दोन औषधं एकमेकांवर चढतात ती इथून.

नवं औषध आणि लस एकाच दिवशी देऊ नका. दोन्ही एकत्र द्यायला मनाई नसते, पण त्रास झालाच तर तो कशामुळे हे कळायला मार्ग उरत नाही.

## टप्पा ५: मोठ्या गोचिडी आधी हाताने काढा

औषधाने गोचीड मरायला बरेच तास लागतात आणि तोवर ती रक्त पीत असते. दिसतात तेवढ्या काढून टाका.

आधी खात्री करा की ती गोचीडच आहे. पोटावरचं स्तनाग्र किंवा चामखीळ गोचीड समजून ओढल्याने जखमा होतात. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात. केस बाजूला करून बुडाशी बघा: गोचिडीला त्वचेलगत बारीक पाय दिसतात.

१. हातमोजे घाला. टोकदार चिमटा घ्या.
२. पोट नव्हे, त्वचेला अगदी लागून असलेला तोंडाचा भाग पकडा.
३. एकाच संथ जोराने सरळ वर ओढा. हिसका नको, पिळणं नको.
४. काढलेली गोचीड स्पिरिटच्या डबीत टाका. नखाने चिरडू नका.
५. जागा जंतुनाशकाने पुसा.

तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर कोरून काढायचा नाही. त्वचा तो आपोआप बाहेर ढकलते.

इशारा: तेल, तूप, स्पिरिट किंवा तापलेली काडी लावून गोचीड ‘सोडवू’ नका. चिडलेली गोचीड लाळ आणि पोटातला ऐवज जखमेत ओकू शकते, आणि रोगाचे जंतू त्यातच असतात.

## टप्पा ६: औषध देणं

### स्पॉट-ऑन

कुत्रा उभा असावा, अंग पूर्ण कोरडं. नळी उभी धरून टोक उघडा. खांद्यांच्या मधोमध, जिथे त्याची जीभ पोचत नाही, तिथले केस दोन्ही अंगठ्यांनी दोन बाजूंना करा. फिकट कातडीची रेघ दिसली पाहिजे. नळीचं टोक त्या रेघेला टेकवा आणि मगच दाबा. केसांवर चकचकीत ओघळ दिसला तर औषध वाया गेलं, कातडीवर गेलं असेल तर वरचे केस जवळजवळ कोरडेच राहतात. मोठ्या कुत्र्यासाठी पत्रकात सांगितलं असेल तरच पाठीवर तीन-चार ठिकाणी विभागून लावा. जखम किंवा चट्टा असलेल्या जागी लावू नका.

मोठ्या कुत्र्याची नळी दोन लहान कुत्र्यांत वाटू नका. अर्धी नळी डोळ्याने मोजता येत नाही.

वाळेपर्यंत हात लावायचा नाही. लहान मुलं कुत्र्याला कवटाळून झोपत असतील तर ती रात्र वेगळी. दोन कुत्रे असतील तर एकमेकांना चाटू देऊ नका. ही औषधं पाण्यातल्या जीवांना मारक असतात, म्हणून निदान दोन दिवस कुत्र्याला नदी-तळ्यात सोडू नका.

### गोळी

फ्लुरालानर आणि लोटिलानर खाण्याबरोबरच द्या, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाहीत. अफोक्सोलानर आणि सारोलानरला ही अट नाही. गोळी पूर्ण गिळली का ते पाहा, गालात धरून नंतर सोफ्यामागे थुंकणारे कुत्रे आहेत. दिल्यानंतर दोन तासांत उलटी झाली तर स्वतःच्या मनाने दुसरी गोळी देऊ नका, डॉक्टरांना वेळ सांगून विचारा. चवीच्या गोळ्यांचं पाकीट उंच ठेवा, कुत्र्यासाठी तो खाऊच असतो.

### कॉलर

गळा आणि कॉलर यांमध्ये दोन बोटं सहज जावीत. फ्लुमेथ्रिन-इमिडाक्लोप्रिडच्या कॉलरचं बकलाबाहेर २ सेंटिमीटर सोडून उरलेलं टोक कापून टाका, नाहीतर कुत्रा ते चावतो. दर आठवड्याला खालची त्वचा बघा. केस गळाले, लाली आली किंवा ओल दिसली तर काढा. अमिट्राझची कॉलर चावून गिळली गेली तर ती तातडीची वेळ आहे, कारण पोटात पडलेला तुकडा औषध सोडतच राहतो.

### अंगाला लावायचं द्रावण

पाण्याचं प्रमाण पत्रकाप्रमाणे, मेजरिंग कपाने. झाकणाने अंदाज नको. डोळ्यांना डॉक्टरांनी दिलेला मलम, हातात रबरी मोजे, खोलीत हवा. अंग वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. उरलेलं द्रावण पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

## टप्पा ७: पहिले २४ तास

थोडीशी सुस्ती, एखादी उलटी, सैल शी किंवा लावलेल्या जागी किंचित खाज येऊन एका दिवसात जाऊ शकते. मानेवरचं औषध चाटलं गेलं तर कडू चवीने तोंडाला फेस येतो. ते बघून लोक घाबरतात, पण ओल्या कापडाने तोंड पुसून पाणी दिलं की बहुधा थांबतं.

काही कुत्र्यांना पर्मेथ्रिनसारख्या औषधांनी त्या जागी मुंग्या येतात. असा कुत्रा सारखा मागे वळून पाठीकडे बघतो, भिंतीला अंग घासतो, एका जागी बसत नाही. जागा धुऊन काढली की त्याला आराम पडतो.

या लक्षणांना मात्र थांबायचं नाही:

- स्नायूंची थरथर, चेहऱ्याची किंवा कानांची फडफड
- दारू प्यायल्यासारखी चाल, मागचे पाय लुळे
- झटके
- सतत वाहणारी लाळ, वारंवार उलट्या
- हाक मारूनही न उठणारी गुंगी, मंद ठोके
- तोंडावर सूज, गांधी, श्वासाला त्रास

काय करायचं: औषध त्वचेवरचं असेल आणि कुत्रा शुद्धीत असेल तर भांडी घासायच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा. गरम पाण्याने त्वचेतला रक्तपुरवठा वाढून औषध जास्त शोषलं जातं, तर गार पाण्याने आधीच थरथरणारं अंग थंड पडतं. धुऊन झाल्यावर टॉवेलात गुंडाळा. कॉलर असेल तर ती आधी काढा. डॉक्टरांना फोन करा आणि टप्पा २चा कागद आणि औषधाचं पाकीट बरोबर घेऊन निघा.

काय करायचं नाही: मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. दूध-तेल पाजू नका. झटका चालू असताना तोंडात हात किंवा चमचा घालू नका, आजूबाजूचं सामान हटवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलेला किंवा लागोपाठ आलेला झटका म्हणजे क्षणभरही वाट बघायची नाही. शक्य असेल तर दुसऱ्याला फोनवर चित्रण करायला सांगा. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो आणि ‘थरथरत होता’ या शब्दांपेक्षा अर्ध्या मिनिटाचं चित्रण डॉक्टरांना फार जास्त सांगतं.

मांजराने कुत्र्याचं औषध चाटलं असेल तर लक्षणांची वाट बघू नका. ती काही तासांत दिसू शकतात, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. लगेच निघा.

## टप्पा ८: घर साफ करा, पण औषधावर औषध नको

पिसवांच्या एकूण संख्येपैकी अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा साधारण ५ टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोश अंथरुणात, गालिच्यात आणि फरशीच्या फटींत असतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने तशीच राहू शकते आणि कोशावर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच एका डोसाने पिसवा संपत नाहीत, आणि ‘औषध कमी पडलं’ म्हणून मात्रा वाढवणं चूक ठरतं.

कुत्र्याची अंथरुणं दर आठवड्याला ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. रोज व्हॅक्यूम करा: त्याच्या हादऱ्याने पिसवा कोशाबाहेर येतात आणि मग औषध लावलेल्या कुत्र्यावर चढून मरतात. पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका.

घरात राहणारी तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाली की कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे काही हजार अंडी घालते. भेगा बुजवा. फवारणी करायचीच असेल तर प्राणी बाहेर, माशांची टाकी झाकून तिचा पंप बंद, आणि सगळं वाळून खोली हवेशीर झाल्यावरच सगळे आत. फवाऱ्यातला घटक आणि कुत्र्याच्या अंगावरचा घटक एकाच गटातला नाही ना, हे आधी बघा.

घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच काळात, कुत्र्याला कुत्र्याच्या आणि मांजराला मांजराच्या औषधाने उपचार करा आणि निदान तीन महिने ते चालू ठेवा.

## टप्पा ९: पुढचा डोस आणि ‘औषध चाललंच नाही’

स्पॉट-ऑनला पूर्ण पसरायला एक-दोन दिवस लागतात. गोळीचं औषध रक्तात असतं, त्यामुळे गोचीड चावल्यावरच मरते. म्हणून औषध दिल्यानंतरही अंगावर चिकटलेली गोचीड दिसेल. ती सुकलेली किंवा मेलेली असेल तर औषधाने काम केलं आहे. सुरुवातीच्या दिवसांत पिसवा जास्तच दिसतात, कारण मरणारी पिसू केसांच्या वर येते.

दोन दिवस उलटूनही फुगलेल्या, जिवंत गोचिडी सापडत असतील तर दुसरं औषध देण्याआधी हे पडताळा: वजनगट बरोबर होता का, अंघोळ कधी घातली, गोळी खाण्याबरोबर दिली का, या घटकाने गोचिडी मरतात का, मुदत संपली नव्हती ना. सगळं बरोबर असेल तर डॉक्टरांना फोन करा आणि औषध बदलायचं का ते त्यांना ठरवू द्या.

औषध बदलताना आधीच्याचा काळ संपल्याशिवाय नवीन सुरू करू नका, कॉलर काढून त्याच दिवशी स्पॉट-ऑन लावू नका. डोस चुकला तर आठवेल तेव्हा एकच द्या आणि पुढची तारीख तिथून मोजा. दोन एकत्र कधीही नाही.

कुत्र्याला त्रास झालाच असेल तर औषधाचं नाव, घटक, बॅच क्रमांक, तारीख आणि लक्षणं त्याच्या लसीच्या वहीत लिहून ठेवा, आणि डॉक्टरांमार्फत औषध कंपनीला व औषध नियामकाला कळवा. २०१८ची सूचना अशाच कळवलेल्या नोंदींवरून निघाली होती.